चांदण्याची मुलं आणि एक माफी

२०१० च्या सुमारास आमच्या होस्टेलवर गाणी हार्ड डिस्कवरून यायची. कुणाची तरी पाचशे जीबीची डिस्क खोलीखोलीतून फिरायची आणि ज्याला जे हवं ते तो उपसून घ्यायचा. आदल्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या 'मूड इंडिगो'मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड वाजवून गेला होता. तेव्हापासून आमच्या मजल्यावर स्टीव्हन विल्सनची साथच आली होती. त्याचं नाव असलेलं जे सापडेल ते आम्ही ऐकत सुटलो. असंच एका फोल्डरमध्ये 'ब्लॅकफील्ड' सापडलं. २००४ चा अल्बम, दहा गाणी, त्यातलं एक 'क्लाउडी नाउ'. हळू सुरू होतं, कुणीतरी थकून बोलतंय असं वाटतं, आणि मग शेवटाकडे सगळं अंगावर कोसळतं. बॅकलॉग असलेल्या मुलासाठी याहून योग्य गाणं नव्हतं.

ते गाणं मुळात विल्सनचं नाही हे बऱ्याच उशिरा कळलं. ब्लॅकफील्डमधला दुसरा माणूस अवीव गेफन, इस्रायलचा. हे त्याचं १९९३ सालचं हिब्रू गाणं. मूळ रेकॉर्डिंग यूट्यूबवर शोधून ऐकलं. एक शब्द कळत नव्हता, पण इंग्रजी आवृत्तीत जी सभ्यता होती ती इथे नव्हती, हे कानालाही कळलं. मग मी तो खुळा उद्योग सुरू केला जो आपल्यापैकी बरेच जण करतात. लिरिक्सच्या साइट्स, ट्रान्सलेटर, हिब्रू अक्षरं ओळखायचं एक अ‍ॅप, आणि त्या गाण्याचं मराठी करायचा प्रयत्न.

अडलो तो पहिल्याच वळणावर. गाण्यातली सगळ्यांत गाजलेली ओळ आपल्याच पिढीला एक इरसाल शिवी घालते. शिवीची अडचण नव्हती, मराठीत भरपूर आहेत. अडचण होती 'अनाख्नू' या शब्दाची. त्याचा अर्थ 'आम्ही'. किंवा 'आपण'. हिब्रूत दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत मात्र ठरवावंच लागतं. 'आम्ही वाया गेलोय' म्हटलं की समोर बाप उभा राहतो. 'आपण वाया गेलोय' म्हटलं की शेजारी मित्र बसलेला असतो. एकीत भांडण, दुसरीत सोबत. गेफन यांतलं काय म्हणत होता?

हा प्रश्न तेव्हा व्याकरणाचा वाटला होता. २०२१ मध्ये एक बातमी वाचल्यावर तो तसा राहिला नाही. त्या बातमीकडे येतो, पण त्याआधी हा माणूस वर कसा आला ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय बातमीतली बोच कळणार नाही.

इस्रायलमध्ये गायक होण्याचा एक सरळ रस्ता होता आणि तो लष्करातून जायचा. सैन्यसेवा सक्तीची, पुरुषांना साधारण तीन वर्षं, स्त्रियांना दोन. लष्कराची स्वतःची गायन-वादन पथकं होती. त्यातलं 'नाहाल' पथक तर हिब्रू पॉपची शाळाच म्हणा. आरिक आइनस्टाइन तिथून आला, शालोम हानोख तिथून आला. या दोघांनी मिळून १९७० मध्ये 'शब्लूल' हा अल्बम केला, ज्यापासून हिब्रू रॉकची खरी सुरुवात झाली असं बरेच जण मानतात. सत्तरच्या दशकात ज्या बँडवर अख्खा देश फिदा होता त्या 'कावेरेत'मधली बहुतेक मंडळीही तिथलीच. त्यात भर म्हणून १९५० पासून लष्कराचं स्वतःचं रेडिओ स्टेशन आहे, आणि ते नुसत्या कवायतीच्या सूचना देत नाही. देशात कोणतं गाणं चालेल हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा राहिलेला आहे. म्हणजे शिकवणारं लष्कर, वाजवणारं लष्कर आणि श्रोतेही आजी-माजी सैनिक. आपल्याकडे याला तुलनाच नाही. आकाशवाणी सरकारी होती, पण तिथे गाणारा कुणी रायफल साफ करून स्टुडिओत येत नव्हता.

अवीव गेफनचा जन्म १९७३ चा, रामत गानचा. तो सैन्यात गेला नाही, आणि न गेल्याचं लपवून ठेवण्याऐवजी ते उघड सांगत राहिला. पहिला अल्बम १९९२ मध्ये आला, 'हा फक्त चंद्रप्रकाश आहे' अशा अर्थाच्या नावाचा. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा, म्हणजे त्याच्या वयाची बाकीची मुलं ज्या वयात गणवेशात असतात त्या वयाचा. डोळ्यांत काजळ, चेहऱ्यावर मेकअप, बायकी म्हणून हिणवले जाणारे कपडे. त्याच्या बँडचं नाव होतं 'चुका'. ज्या देशात 'चांगला मुलगा' याचा अर्थ 'चांगल्या तुकडीत निवड झालेला मुलगा' असा होतो, तिथे हा मुलगा आई-बापांवर, शाळेवर, जनरलांवर, मरणाला गौरव चिकटवण्यावर गाणी करत होता. मैफलींना चौदा-पंधरा वर्षांची पोरं त्याच्यासारखाच चेहरा रंगवून यायची, रडायची, प्रत्येक शब्द पाठ म्हणायची. त्यांना नावच पडलं 'चांदण्याची मुलं'. तीन-चार वर्षांत तो देशातला सर्वांत लाडका आणि सर्वांत नावडता गायक झाला.

घराणं काय, तर मोशे दायानचं. १९६७ च्या युद्धातला एका डोळ्यावर पट्टी बांधलेला संरक्षणमंत्री, तो अवीवच्या आजीचा सख्खा भाऊ. वडील योनातान गेफन हे कवी, गीतकार, स्तंभलेखक. स्वतः छत्रीधारी दलात अधिकारी होते आणि पुढे आयुष्यभर युद्धखोरीची टिंगल करत राहिले. त्यांची बालगीतं इस्रायलमधल्या प्रत्येक घरात पाठ असतात. तरी २०१८ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर एका पॅलेस्टिनी मुलीवर, सैनिकाला थप्पड मारणाऱ्या अहद तमीमीवर, कविता टाकली तेव्हा संरक्षणमंत्री लिबरमन यांनी लष्करी रेडिओनं या माणसाचं काहीही वाजवू नये अशी मागणी केली. बालगीतांसकट! २०२३ मध्ये ते वारले.

पुढचा प्रसंग ४ नोव्हेंबर १९९५ चा. तेल अवीवच्या चौकात लाखभर लोक जमलेले. ऑस्लो कराराच्या, म्हणजे पॅलेस्टिनींशी समझोत्याच्या बाजूनं सभा होती. पंतप्रधान यित्झाक राबिन मंचावर. बावीस वर्षांच्या गेफननं 'लिव्कोत लेखा' हे गाणं म्हटलं, 'तुझ्यासाठी रडणं'. गाणं मूळचं एका गेलेल्या मित्रावरचं. ते संपल्यावर राबिननी त्याला मिठी मारली. हे साधं नव्हतं. राबिन म्हणजे १९६७ चे सेनाप्रमुख. रंगवलेल्या चेहऱ्याचा, सैन्यात न गेलेला पोरगा आणि जुना जनरल एकमेकांच्या मिठीत. सभेच्या शेवटी सगळ्यांनी 'शांतीचं गाणं' म्हटलं. १९६९ मध्ये याकोव रोटब्लिटनं लिहिलेलं, याच युद्धात पाय गमावलेल्या माणसानं, आणि गाजवलं ते पुन्हा नाहाल पथकानंच. सभा उरकून गाडीकडे जाताना यिगाल अमीर नावाच्या ज्यू तरुणानं राबिनना गोळ्या घातल्या. खिशात त्या गाण्याच्या बोलांचा कागद होता, रक्तानं भिजलेला.

त्या रात्रीपासून 'लिव्कोत लेखा' हे राबिनवरचं गाणं झालं. रेडिओवर तेच, चौकात मेणबत्त्या घेऊन बसलेल्या हजारो मुलांच्या तोंडी तेच. इथे मराठी करणाऱ्याला दुसरी ठेच लागते. 'लेखा' म्हणजे 'तुला, तुझ्यासाठी', पुरुषाला उद्देशून. हिब्रूत आदरार्थी 'तुम्ही' नाही, मित्रालाही तेच आणि पंतप्रधानालाही तेच. मराठीत करायचं तर तीन नोव्हेंबरला ते 'तुझ्यासाठी' होतं आणि पाच नोव्हेंबरला 'तुमच्यासाठी'. एक अक्षर न बदलता गाणं एका कबरीवरून दुसऱ्या कबरीवर गेलं. ते गेफननं नेलं नाही. त्याला कुणी विचारलंही नाही. मला त्या मित्राच्या आईचा विचार येतो. तिच्या मुलाचं गाणं देशानं घेतलं. तिला अभिमान वाटला असेल की ते दुसऱ्यांदा हिरावलं गेल्यासारखं वाटलं असेल, कोण जाणे.

त्यानंतरची कारकीर्द पटकन सांगतो, कारण ती नेहमीसारखीच आहे. अल्बम येत राहिले, विल्सनबरोबर ब्लॅकफील्ड झालं, २००९ मध्ये ट्रेव्हर हॉर्नसारख्या बड्या निर्मात्याबरोबर इंग्रजी अल्बम झाला, २०१२ पासून टीव्हीवर 'द व्हॉइस'च्या फिरत्या खुर्चीत परीक्षक म्हणून बसला. बंडखोर पोरगा देशाचा काका झाला. असं होतंच.

आता ती बातमी. आधी २०२० मध्ये, कोविडच्या काळात, त्यानं ब्ने ब्राक या कर्मठ ज्यूंच्या शहरातल्या लोकांना एक गाणं अर्पण केलं. त्या शहरात साथीनं कहर मांडला होता आणि बाकी देश त्यांना नावं ठेवत होता. ज्यांच्याविरुद्ध तो वर्षानुवर्षं बोलला होता त्यांच्याकडून प्रेमाचे निरोप आले, आणि आपण पूर्वी चुकीचं बोललो असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. मग २०२१ मध्ये तो बेत एलला गायला. बेत एल ही वेस्ट बँकमधली, रामल्लाच्या वरच्या अंगाची ज्यू वसाहत, १९७७ ची. अशा वसाहतींच्या विरोधात त्यानं उभं आयुष्य काढलेलं. तिथे मंचावरून त्यानं तिथल्या लोकांची माफी मागितली. तुम्हाला ओळखत नव्हतो, अज्ञानातून बोललो, असा सूर होता.

मी ती बातमी फोनवर वाचली आणि फसवलं गेल्यासारखं वाटलं. खरं तर हास्यास्पद आहे हे. माझा काय संबंध? मी ठाण्यात राहतो. मला कुणी सैन्यात बोलावलं नव्हतं, मी कुठल्या चौकात मेणबत्ती घेऊन बसलो नव्हतो. पण एकविसाव्या वर्षी इअरफोनमधून ज्याच्याबरोबर तुम्ही 'अनाख्नू' म्हणालेले असता, तो चाळीस किलोमीटर पलीकडच्या दुसऱ्याच लोकांना 'आपण' म्हणू लागला की काहीतरी तुटतं.

माझ्या सोसायटीत तळमजल्यावर एक बेने इस्रायल आंटी राहतात. पंचाहत्तरीच्या, टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये नेमानं जाणाऱ्या, मराठी आमच्यापेक्षा चोख. त्यांची थोरली बहीण साठच्या दशकात नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली आणि दिमोनाला, वाळवंटात, राहिली. मी आंटींना बातमी दाखवली. माझा राग बघून त्या हसल्या.

"तुला कशाला एवढं लागलं?" म्हणाल्या. "माझ्या बहिणीचा धाकटा याच्याच वयाचा. याच्या कॅसेटी ऐकायचा रात्रंदिवस. बहीण कंटाळायची. तोंडाला काहीबाही फासायचा. आणि अठरा झाल्यावर गेला गुपचूप सैन्यात. तीन वर्षं."

"का पण? त्याला पटत होतं ना?"

"अरे, याचं ठीक आहे, हा दायानच्या घरातला. हा नाही गेला तर लोक म्हणतात, कलाकार आहे. आमचा नाही गेला तर म्हणतील, बघा, इंडियातून आलेले. नोकरीला गेलास की पहिलं विचारतात, कुठल्या तुकडीत होतास. आम्ही ज्यू आहोत की नाही हेच मुळी त्यांना चौसष्ट साली ठरवायला लागलं!"

हे खरं आहे. कोकणातून, अलिबाग-पेण-रेवदंड्यातून गेलेल्या मराठी ज्यूंच्या लग्नांना तिथले धर्मगुरू मान्यता द्यायला तयार नव्हते. बेने इस्रायल लोकांनी धरणी धरली आणि १९६४ मध्ये संसदेला, हे सर्वार्थानं ज्यूच आहेत, असं म्हणावं लागलं. ज्या देशात आपलं 'आपण' मान्य व्हायला भांडावं लागतं, तिथे गणवेश हा त्या 'आपण'मध्ये शिरायचा सर्वांत स्वस्त दरवाजा असतो. गेफन त्या दरवाजाच्या आतच जन्मला होता. त्याला बाहेर उभं राहण्याची चैन परवडत होती.

हे ऐकल्यावर माझा राग निवला नाही, उलट त्याला नेमकी जागा सापडली. जो गायला त्याला किंमत कमी पडली, ज्यांनी ऐकलं त्यांना जास्त. आंटींचा भाचा ऐकून गेला. काही मुलं ऐकून गेली नाहीत. न जाणाऱ्यांतल्या कुणाकुणाला वडिलांनी बोलणं टाकलं असेल, कुणाची नोकरी हुकली असेल. कुणी तुरुंगातही राहिले, कारण सैन्यसेवा नाकारणाऱ्यांना तिथे लष्करी कैद होते. सगळ्यांनी ते गेफनच्या गाण्यामुळे केलं असं मी म्हणत नाही, गाण्याला एवढी ताकद नसते. पण एकटं पडलेल्या पोराला रात्री 'अनाख्नू' ऐकू येणं यात काही ताकद असते. पंचवीस वर्षांनी गायकानं म्हणावं की मी अज्ञानातून बोललो, तर त्या पोराच्या आयुष्यातल्या त्या वर्षांचं काय? ती काय अज्ञानाची वर्षं झाली?

यावर साधं उत्तर असं की गायक म्हणजे पुढारी नव्हे, आणि गाणं म्हणजे शपथपत्र नव्हे. एकोणिसाव्या वर्षीच्या माणसाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही त्याच जागी उभं करणं हा जुलूम आहे. चाहता म्हणवणारा माणूस बहुतेक वेळा जेलरच असतो. 'पूर्वीचा तू राहिला नाहीस' हे वाक्य आपण गायकांना, मित्रांना, प्रेयसीला किती सहज ऐकवतो, आणि स्वतः मात्र नोकरी, गृहकर्ज, आईचं दुखणं यांच्या आडून हवे तितके बदलत राहतो. मला हे उत्तर पटतं. माझ्या फेसबुकवरच्या २०११ च्या पोस्टी आज कुणी वाचून दाखवल्या तर मी इमारत सोडून जाईन.

पण ते पुरत नाही, कारण मत बदलणं आणि माफी मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत माझं मी एकटा बदलू शकतो. माफीला समोर कुणीतरी लागतं.

हाना आरेंट या विचारवंत बाईंनी १९५८ मध्ये 'द ह्यूमन कंडिशन' या पुस्तकात हे फार सुंदर मांडलंय. माणसाच्या कृतीच्या दोन अडचणी त्या सांगतात. केलेलं परत घेता येत नाही, आणि पुढे त्याचं काय होईल हे कळत नाही. पहिल्या अडचणीवर माणसांनी क्षमा शोधली, दुसरीवर वचन. आणि दोन्ही गोष्टी एकट्यानं होत नाहीत. स्वतःच स्वतःला क्षमा करणं आणि स्वतःच स्वतःला वचन देऊन बांधून घेणं, दोन्ही आरशासमोरचे खेळ. मला त्यातून एक पुढची गोष्ट दिसते. वचन दुसऱ्याला दिलेलं असेल तर त्यातून मोकळं करण्याचा हक्कही त्या दुसऱ्याकडेच असतो.

आंटींना आरेंट माहीत नाहीत, पण त्या तेच म्हणाल्या, आणि जास्त सोपं. "माफी मागितली तर चांगलंच की. आमचा दारफळणीचा सण कशाला असतो?" योम किप्पुरला जुने बेने इस्रायल दारफळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी दारं लावून, उपास करून, प्रार्थनेत राहायचं, वर्षाचा हिशोब करायचा. "पण एक आहे. देवाचं काही चुकवलं असेल तर त्या दिवशी देव माफ करतो. माणसाचं चुकवलं असेल तर देव मध्ये पडत नाही. आधी त्या माणसाच्या दारात जायला लागतं."

मग बेत एलच्या मंचावर गेफन कुणाच्या दारात उभा होता? ज्यांना त्यानं हिणवलं होतं त्यांच्या. तेवढ्यापुरतं ते बरोबरच झालं. कुठल्याही माणसाचा तिरस्कार करणं, त्याला न भेटता त्याच्या अख्ख्या जमातीवर गाणं रचणं, यासाठी माफी मागायला धैर्य लागतं. टाळ्या मिळतात म्हणून ते धैर्य खोटं ठरत नाही. पण त्याच्या जुन्या बोलण्यात दोन धागे होते. एक, हे लोक वाईट आहेत. दुसरा, ही जमीन यांची नाही, दुसऱ्या कुणालातरी लष्कराच्या जोरावर दाबून इथे राहणं चूक आहे. पहिला धागा माणसं भेटल्यावर तुटतो आणि तुटावाच. बेत एलमधला बाप आपल्या मुलीला झोपवताना योनातान गेफनचंच गाणं म्हणत असेल, तो राक्षस नाही. दुसरा धागा मात्र त्याच्या भलेपणानं सुटत नाही. त्याचं उत्तर त्याला भेटून मिळणारच नाही.

बेत एलला अगदी लागून जलाझून आहे. पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी, १९४८ मध्ये घरदार सुटलेल्यांची, आता त्यांच्या नातवंडा-पतवंडांची. मैफलीचा आवाज रात्री तिथवर जात असेल. मोठ्या स्पीकरचा आवाज भिंत बघत नाही. तिथल्या कुणा पोरानं गच्चीवर बसून ते ऐकलं असेल अशी माझी कल्पना आहे, तिला पुरावा काही नाही. पण ते पोरगं या सगळ्या भाषांतरात कुठे बसतं? गेफनच्या जुन्या 'आम्ही'त ते नव्हतं, तो 'आम्ही' इस्रायली मुलांचा होता. नव्या 'आपण'मध्येही नाही, तो 'आपण' ज्यूंचा आहे. भांडणातही ते तिसऱ्या पुरुषी आणि दिलजमाईतही तिसऱ्या पुरुषी. दोन भाऊ आपसात समेट करतात तेव्हा वाद ज्या शेताचा होता त्या शेतावरच्या कुळाला कुणी बोलावत नाही. महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

इथे एक मित्र मला नेहमी अडवतो. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर गाझात जे झालं, हजारो हजारो माणसं मेली, मुलं मेली, त्यानंतर तू हिब्रू गाणी ऐकतोसच कशी, असं त्याचं म्हणणं. भाषा म्हणजे सैन्य नव्हे, असं मी पूर्वी झटकन म्हणायचो. आता तेवढ्या झटकन येत नाही. ज्या भाषेचं पॉप लष्कराच्या पथकांत वाढलं आणि लष्कराच्या रेडिओवर वाजलं, तिच्याबद्दल हे वाक्य बोलताना जीभ थोडी अडखळतेच. पण याच कारणानं ज्यानं त्या रस्त्याला नाही म्हटलं त्याचं गाणं मला सोडवत नाही. त्या भाषेत 'नाही' कसं म्हणतात ते मी त्याच्याकडून ऐकलं.

आणि त्याला ते 'नाही' परत घेता येतं का? १९९५ च्या रात्रीकडे मी पुन्हा पुन्हा जातो ते यासाठी. एका मित्राचं गाणं पंतप्रधानाचं झालं तेव्हा गेफनचा त्यावरचा ताबा गेला. मग दुसऱ्या गाण्यावरचा तरी तो का राहिला असावा? 'आता ढग आलेत' असं तो म्हणाला, मुलांनी ते आपल्या तोंडात घेतलं, त्यावर आयुष्यं बेतली. आता तो बेत एलमध्ये काहीही म्हणो, त्यानं फार तर आपला वाटा काढून घेतला. बाकीचा त्यांचा आहे, जे तुरुंगात गेले त्यांचा, आणि तोंडाला काहीबाही फासून मग गुपचूप गणवेश घालणाऱ्या आंटींच्या भाच्याचाही. त्याला मी यातून वगळणार नाही. ज्याला नाही म्हणणं परवडलं नाही त्यानंही ते ऐकलं होतं.

तरी एवढं वाटतंच की त्यानं त्या मुलांच्याही दारात जायला हवं होतं. माफीसाठी नव्हे. नुसतं सांगायला, की मी बदललोय, तुम्ही बदलायला हवं असं नाही, तुम्ही केलंत ते माझ्या अज्ञानातून झालेलं नाही. असं तो कधी म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही. कदाचित मंचावरून ते म्हणताही येत नाही. त्यासाठी एकेकाचं दार वाजवावं लागतं, आणि ती दारं आता पन्नाशीकडे आलेल्या, टक्कल पडलेल्या, 'द व्हॉइस' बघत बसलेल्या माणसांची आहेत.

परवा आंटींनी दिमोनाला व्हिडिओ कॉल लावला होता, मला हाक मारली. भाचा दिसला. जाडजूड, चष्मा, मागे बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. मराठी समजतो, बोलतो मोडकं. मी बेत एलचं विचारलं. त्यानं खांदे उडवले.

"तो गेला तिकडे, हो. मी बघितला टीव्हीवर," म्हणाला. मग थोडं थांबून, "कॅसेट आहे पण अजून. टेप नाही वाजवायला."